दूरचित्रवाणीवरची भाऊबंदकी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा पुढे कोणी या व्यासपीठावर उभा राहून मेक्सिको देशातल्या नवरा-बायकोच्या, सासू-सुनेच्या आणि सावत्र भावांच्या भांडणांवर तासभर बोलेल अशी कल्पनाही त्यांनी केली नसेल. तरी हा विषय मी आपण होऊन मागून घेतला आहे. कारण उघड आहे. संध्याकाळी आठ वाजले की आपल्या गावातल्या निम्म्या घरांत जे पुराण लागते, त्याचे श्रोते आमच्यासारख्या व्याख्यात्यांच्या श्रोत्यांपेक्षा शेकडो पटींनी अधिक आहेत. ज्या गोष्टीपुढे माणसे रोज अर्धा तास हलत नाहीत, तिची थट्टा करून मोकळे होणे सोपे आहे. पण आमचे सुशिक्षित लोक ती थट्टा पन्नास वर्षे करीत आले आहेत आणि तिने एकही माणूस पडद्यापासून उठलेला नाही. तेव्हा थट्टा बाजूला ठेवून ती गोष्ट काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहू या.

आरंभ मेक्सिकोपासूनच करतो. तिकडे १९८६ च्या अखेरीस आणि १९८७ च्या पूर्वार्धात एक मालिका झाली. तिचे नाव 'कूना दे लोबोस', म्हणजे लांडग्यांचा पाळणा. लेखक कार्लोस ओल्मोस. कथा अशी की, लारिओस नावाचे एक अतिश्रीमंत घराणे आहे. घरधन्याला दोन मुलगे. थोरला पहिल्या बायकोचा, धाकटा दुसरीचा. ही दुसरी बायको कातालीना क्रेएल. मारिया रूबिओ या नटीने ती भूमिका केली. कातालीनाच्या एका डोळ्यावर सदैव पट्टी असते, आणि ती पट्टीदेखील नेसलेल्या वस्त्राच्या रंगाची. लहानपणी सावत्र मुलाने भोवरा फेकला आणि तो लागून डोळा गेला, असे ती वर्षानुवर्षे सांगत आली आहे. तो बिचारा मुलगा त्या अपराधाच्या ओझ्याखाली वाकून वाढला. खरी गोष्ट अशी की बाईचा डोळा शाबूत आहे! सावत्र मुलाचे मन मोडावे आणि नवऱ्याचे मन त्याच्यावरून उडावे, एवढ्यासाठी तिने ती पट्टी आयुष्यभर बांधली. नवऱ्याला हे कळते आणि तो तिच्याच हातून मरतो. पण मरण्यापूर्वी त्याने मृत्युपत्र करून ठेवलेले असते. दोघा मुलांपैकी ज्याला आधी मूल होईल त्याच्याकडे इस्टेट जावी, अशी त्यातली अट. धाकट्याची बायको वांझ. मग तो एका साध्या घरातल्या मुलीला प्रेमाच्या जाळ्यात ओढतो, लग्नाचे खोटे नाटक करतो, तिला मूल झाले की ते काढून घेतो आणि तिला वेडी ठरवून कोंडतो. ती सुटते, आणि आपले मूल परत मिळावे म्हणून त्या थोरल्या, खचलेल्या भावाशी लग्न करून पुन्हा त्याच घराच्या उंबऱ्यातून आत येते.

या मालिकेचा शेवटचा भाग लागला त्या रात्री मेक्सिको शहरातले रस्ते ओस पडले होते असे सांगतात. कातालीना अखेर मरते. पण शेवटी त्या घरातले ते पोर, ज्याच्यासाठी एवढे रामायण घडले, स्वतःच्या डोळ्यावर पट्टी बांधून आपल्यापुढे येते.

आता माझे म्हणणे ऐका. तिकडच्या प्रेक्षकांना आजही कातालीना आठवते. तिची पट्टी आठवते. ते मृत्युपत्र मात्र कोणाला सहसा आठवत नाही. आणि वास्तविक सगळ्या अनर्थाचे मूळ ते मृत्युपत्र आहे. दोन भावांत इस्टेट वाटून न देता त्यांची शर्यत लावणारा तो बाप आहे. त्या बापाला कोणी खलपुरुष म्हणत नाही, कारण तो पहिल्याच काही भागांत मरून पवित्र झालेला असतो. लोकांच्या शिव्या खायला बाई उरते.

हे परदेशातलेच आहे असे समजू नका. आपल्याकडे याचा सर्वांत मोठा नमुना शनिवारवाड्यात घडलेला आहे. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले आणि त्यांचा पोरसवदा भाऊ नारायणराव गादीवर बसला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी त्याचा खून केला. ही हकीकत आपल्या पोराटोरांना कशी ठाऊक आहे? आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला, अशी. कागदावर 'धरावे' होते, बाईने 'मारावे' केले, आणि राज्य बुडाले. अक्षर बदलल्याची ही कथा इतिहासाने निर्विवाद मानलेली नाही. रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावावर. पण लोकांच्या जिभेवर आनंदीबाई राहिली. खाडिलकरांनी १९०९ साली या प्रकरणावर नाटक लिहिले, त्याला नाव मात्र अचूक दिले: 'भाऊबंदकी'. कारण वाद होता तो वाट्याचा. रघुनाथराव माधवरावांच्या हयातीतच राज्याचा अर्धा हिस्सा मागत होता. राज्य ही वाटून घेण्याची शेतजमीन नव्हे, असे माधवरावांचे म्हणणे. ते मिटले नाही, ते साचत गेले, आणि एका दिवशी ते गारद्यांच्या तलवारीवर आले. एवढ्या मोठ्या साचलेल्या कारणाला झाकायला 'ध' आणि 'मा' ही दोन अक्षरे पुरली!

मग ही रडवणारी, हप्त्याहप्त्याने सांगण्याची गोष्ट मुळात आली कोठून? 'सोप ऑपेरा' हे इंग्रजी नाव अमेरिकेतल्या साबणवाल्यांमुळे पडले. १९३० नंतर ते आकाशवाणीवर दुपारच्या वेळी बायकांसाठी अशा कथा चालवीत. पण स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतली परंपरा त्याहून जुनी आणि मला अधिक मोह घालणारी आहे. क्यूबा बेटावर हवाना शहरात चिरूट वळण्याचे कारखाने होते. तिथे १८६५ पासून कामगारांनी एक प्रथा पाडली. शंभर-दोनशे माणसे मान खाली घालून तंबाखूची पाने वळीत बसलेली, आणि मध्ये उंच आसनावर एक वाचक मोठ्याने वाचतो आहे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. त्याचा पगार कारखानदार देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. रोज थोडे वाचून गोष्ट नेमक्या ठिकाणी थांबवायची, म्हणजे उद्या माणसे कामावर वेळेवर हजर! याच बेटावर १९४८ साली फेलिक्स काईग्नेत याने 'एल देरेचो दे नासेर', म्हणजे 'जन्मण्याचा हक्क', ही आकाशवाणी-मालिका लिहिली आणि तिच्या मागून सगळा दक्षिणेकडचा अमेरिकाखंड रडला. पुढे हाच प्रकार पडद्यावर गेला.

आपल्याकडे चातुर्मासात पोथी लागते. श्रीधराचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' एकाने वाचायचा, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, आणि अध्याय संपला की पुढे काय हे ठाऊक असूनही दुसऱ्या दिवशी यायचे. ज्या समाजाला महाभारत पाठ आहे, त्याला भाऊबंदकीची मालिका कोणी बाहेरून शिकवायला नको. म्हणून मला ते 'विदेशी आक्रमण' वगैरे म्हणणे पटत नाही. गोष्ट आपलीच आहे. तंत्र मात्र मेक्सिकोहून आलेले आहे, आणि तेही सरकारी मार्गाने, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ती हकीकत अशी. मेक्सिकोत तेलेविसा या वाहिनीत मिगेल साबिदो नावाचा एक लेखक-दिग्दर्शक होता. पेरू देशात १९६९ साली 'सिंप्लेमेन्ते मारिया' नावाची मालिका झाली होती. त्यातली गरीब मोलकरीण शिवणयंत्रावर काम शिकून वर येते. मालिका जिथे जिथे लागली तिथे तिथे शिवणयंत्रांचा खप वाढला आणि मुलींनी शिवणवर्ग भरून टाकले. साबिदोने विचार केला की, जे नकळत घडले ते जाणूनबुजून का घडवू नये? १९७५-७६ मध्ये त्याने 'वेन कोन्मिगो' काढली. नावाचा अर्थ 'माझ्याबरोबर चल'. विषय प्रौढ साक्षरतेचा. पण प्रवचन नाही, प्रेमप्रकरणे, रुसवेफुगवे सगळे शाबूत. मालिकेत वाचनाची पुस्तिका फुकट मिळण्याचे ठिकाण सांगितले, तर दुसऱ्या दिवशी सुमारे २५ हजार माणसे तिथे लोटली आणि शहराची रहदारी अडली. मालिका चालू होती त्या काळात सुमारे ८ लाख ४० हजार निरक्षरांनी वर्गात नाव घातले. ते आदल्या वर्षाच्या नऊपट होते. सगळे श्रेय मालिकेचे असे मी म्हणणार नाही, सरकारची मोहीमही होतीच. परंतु निम्मे दिले तरी ते आमच्यासारख्या व्याख्यात्यांना लाजविणारे आहे.

आपल्या माहिती व नभोवाणी खात्याचे सचिव एस. एस. गिल मेक्सिकोला जाऊन हे पाहून आले. त्यातून ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत. प्रायोजक कोण, तर नुकत्याच बाजारात आलेल्या दोन मिनिटांच्या मॅगी शेवया! हेतू कुटुंबनियोजनाचा होता. पहिल्या काही भागांनंतर प्रेक्षक कंटाळलेले दिसताच तो सूर मंद झाला आणि बडकी, मझली, छुटकी यांची लग्ने आणि बापाची दारू यांनी जागा व्यापली. सतरा महिन्यांत प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रे आली. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा एक मासलेवाईक गोष्ट निघाली. भागवंती ही आई मुकाट्याने सोसते. असे सोसू नये हे दाखविण्यासाठी ती घडविली होती. पुष्कळ बायकांनी तिलाच आदर्श मानले. रडणाऱ्या बाईविषयी करुणा उत्पन्न करणे सोपे असते. ती रडते ते चूक आहे हे दाखविणे फार अवघड. या अवघड जागेशी आपल्या मराठी मालिका कशा वागल्या, हा आता प्रश्न आहे.

मराठीत रोज चालणारी मालिका प्रथम दूरदर्शनवर आली ती 'दामिनी'. मग १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी निघाली, तिने 'आभाळमाया' दिली. २००० साली ई-टीव्ही मराठी निघाली, आणि तिच्यावर २००१ च्या नोव्हेंबरात 'चार दिवस सासूचे' सुरू झाली, ती २०१३ च्या जानेवारीत संपली. तीन हजारांहून अधिक भाग! रोहिणी हट्टंगडी यांनी आशा देशमुख ही घराची धनीण उभी केली, कविता लाड यांनी अनुराधा ही सून. मालिका सुरू झाली तेव्हा जे मूल अंगणवाडीत होते ते ती संपताना दहावीच्या परीक्षेची तयारी करीत होते.

मला या लांबीबद्दल थोडे अधिक बोलायचे आहे, कारण मेक्सिकोच्या मालिकेत आणि आपल्या मालिकेत खरा भेद इथे आहे. तिकडची गोष्ट सहा-आठ महिन्यांत संपते. ती संपणार हे लेखकाला आणि प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. म्हणून मृत्युपत्र एकदा वाचले गेले की त्याचा निकाल लागावाच लागतो. लपविलेले मूल सापडावे लागते, खोटी पट्टी गळून पडावी लागते. १९७९ सालची 'श्रीमंतही रडतात' नावाची त्यांची मालिका पुढे रशियात लागली, सोव्हिएत संघ मोडला त्या सुमारास, आणि तिने त्या देशाला वेड लावले. त्यातही नायिका मारियाना भ्रमाच्या भरात दुसऱ्याला देऊन टाकलेला मुलगा शेवटी सापडतोच. आपल्याकडची मालिका मात्र दर गुरुवारी येणाऱ्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर जगते. आकडा बरा आहे तोवर ती संपत नाही. आणि ज्या गोष्टीला शेवट नाही तिच्यात भांडण मिटविता येत नाही. ते एका प्रसंगातून दुसऱ्यात ढकलावे लागते. मग भांडणाचे कारण काढून टाकावे लागते आणि भांडण हाच माणसाचा स्वभाव करावा लागतो. सासू दुष्ट का? मुळातच दुष्ट. जाऊ कारस्थानी का? तिचा जन्मच त्यासाठी. कारण असते तर ते केव्हातरी दूर करता आले असते. स्वभावाला औषध नाही, म्हणून मालिकेला अंत नाही.

याला अपवाद नाहीत असे नाही. २००८ सालची 'अग्निहोत्र' घ्या. पांगलेल्या भावंडांना वाड्याकडे परत आणणारी ती गोष्ट होती. तिला शेवट होता, म्हणून तिच्यातल्या माणसांना भूतकाळही होता. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजावी लागतात.

आता आपण जरा गावाकडे येऊ. आपले गोकुळेश्वराचे देऊळ, शेजारची बारव, एकटाच उभा असलेला तो कोरीव स्तंभ, हे सारे चालुक्य-यादवांच्या काळाचे वैभव. परगावचे अभ्यासक ते पाहायला येतात आणि आपण त्यांना वाट दाखवितो. त्या चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात ते आणि आपण एकाच छत्राखाली होतो. त्या कल्याणीत सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी, अकराव्या शतकाच्या अखेरीस अथवा बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. तिचे नाव 'मिताक्षरा'. म्हणजे थोडक्या अक्षरांत सांगितलेली. वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हा तिचा सिद्धान्त बंगाल वगळता बहुतेक भारतभर हिंदू कुटुंबांचा कायदा होऊन बसला. इंग्रज आले, निजाम गेला, तरी तो उठला नाही. आपल्या शिवारातला एकेक बांध त्या टीकेने आखलेला आहे असे म्हटले तरी चालेल. विज्ञानेश्वर बायकांच्या बाबतीत त्या काळच्या मानाने उदार होता. स्त्रीधनाची त्याने केलेली व्याख्या विस्तृत आहे. वाटणीच्या वेळी आईला मुलाइतका वाटा आणि अविवाहित बहिणीला भावाच्या वाट्याच्या चौथाईइतके द्यावे, असे तो मानतो. पण जन्मतः हक्क मुलाला, मुलीला नाही. आठशे-नऊशे वर्षे तीच रेघ.

या रेघेचा खरा अर्थ काय होतो ते एका दाव्यावरून सांगतो. सांगली येथे एका कुटुंबातला कर्ता पुरुष १९६० साली वारला. मागे विधवा, दोन मुलगे, तीन मुली. इस्टेट म्हणजे दोन घरे, जमीन, दोन दुकाने. १९५६ चा हिंदू वारसा कायदा तेव्हा लागू झालेला होता. आईने वाटणीसाठी सांगलीच्या न्यायालयात दावा लावला, आणि तो दावा मुलावर होता. मालिकेला यापेक्षा अधिक काय लागते? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ साली न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला. आईचा वाटा सात-चोविसांश ठरला.

आपण हिशोब करून पाहू. समजा, अशाच कुटुंबाची २४ एकर कोरडवाहू जमीन आहे. बाप मरण्यापूर्वी क्षणभर वाटणी झाली असे कायदा कल्पितो. त्या कल्पित वाटणीत बाप, आई आणि दोन मुलगे यांना सहा-सहा एकर. मुलींना काही नाही, कारण त्या जन्मतः हक्कदार नाहीत. मग बापाचे सहा एकर त्याच्या सहा वारसांत, म्हणजे आई, दोन मुलगे आणि तीन मुलींत, एकेक एकर. अखेर आईला सात, एकेका मुलाला सात, आणि एकेका मुलीला एक. भावाला सात एकर, बहिणीला एक. हा कायद्याचा हिशोब झाला. तो एकही बहिणीकडे किती ठिकाणी गेला, ते आपले आपल्याला ठाऊक आहे.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मतः हक्क दिला, पण त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने ती अटही काढली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा हक्क जन्माचा असल्यामुळे त्या दिवशी बाप जिवंत असण्याची गरज नाही. आता तोच हिशोब पुन्हा करा. बाप २००५ नंतर वारला असे धरा. बाप, आई आणि पाच मुले मिळून सात वाटे. बापाचा सातवा वाटा पुन्हा सहा जणांत. बेरीज केली की सहाही जणांना चार-चार एकर येतात. कागद-पेन्सिल घेऊन घरी ताळा पाहा.

सातास एक होते ते चारास चार झाले. मराठी घरातल्या नात्यांत गेल्या हजार वर्षांत याच्याएवढा मोठा पालट झाला नसेल. आणि आपल्या भाऊबंदकीच्या मालिकांनी तो जवळजवळ पाहिलाच नाही! त्यांच्या पडद्यावर कोट्यवधींच्या 'प्रॉपर्टीचे पेपर' फिरतात, बेशुद्ध म्हाताऱ्याचा अंगठा उठविला जातो, तिजोरीची किल्ली चोरीला जाते. पण सात-बारा दिसत नाही, वारसनोंद दिसत नाही, फेरफार दिसत नाही. आणि एक कागद तर कधीच दिसत नाही, त्याचे नाव हक्कसोडपत्र.

हा कागद इथे बसलेल्या बहुतेकांनी पाहिला आहे. काहींनी करून घेतला आहे. बाप गेल्यावर दिवस होतात, वारसांची नावे लागतात, आणि मग भाऊ बहिणीला गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो. वाटेत तिच्या मुलांना खाऊ घेतो. ती सही करते. घरी आल्यावर भावजय तिची ओटी भरते, साडीचोळी करते. कोणी ओरडत नाही, कोणी विष घालीत नाही. पार्श्वसंगीत नाही. चार एकर जमीन एका सहीने इकडची तिकडे होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी असते. ते पाणी खरे असते, हे मी मुद्दाम सांगतो. बहिणीवर प्रत्येक वेळी जबरदस्ती होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकजणी समजून-उमजून सोडतात. भाऊ कर्जात आहे, आईला तोच सांभाळणार आहे, सासरी आपले बरे चालले आहे, अशी कारणे असतात आणि ती खोटी नसतात. पण पुष्कळदा एकच कारण असते. वाटा घेतला तर माहेर तुटेल. सणाला मूळ येणार नाही. उद्या नवऱ्याने घराबाहेर काढले तर जायला दार राहणार नाही. आता विचार करा, ज्या बाईच्या नावावर चार एकर जमीन आहे, तिला जायला दार नसते का?

गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भावाचे कौतुक किती आहे ते पाहावे, आणि त्याच ओव्यांत भावजयीविषयीची तक्रार किती आहे तेही पाहावे. माहेरचा उंबरा जड झाला तो भावजयीमुळे, भाऊ निर्मळच होता! इथेही तेच. बाईचे बाईशी वैर. ज्या व्यवस्थेने बहिणीला पाहुणी केले आणि भावजयीला परघरी आणून धनीण केले, तिच्याविषयी जाते काही बोलत नाही. पहाटे दळणाऱ्या बाईपुढे ती व्यवस्था आभाळासारखी होती, तिला कोण दोष देणार? १९९१ च्या 'माहेरची साडी' या चित्रपटाला बायका गाड्या भरभरून गेल्या, तेव्हाही हेच आभाळ डोक्यावर होते. चित्रपटाचे ते नाव मला नेहमी बोलके वाटत आले आहे. माहेरची साडी मिळते. माहेरची जमीन मिळाल्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

जमिनीचा प्रश्न बोलणारे लोक आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला स्त्रियांचे अधिवेशन भरविले, आणि पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावे करून द्यायचा, घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडायचे. कितीतरी गावांनी ते केले. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रातली ती एक धीट गोष्ट होती. पण तीतही जमीन मिळाली ती बायकोला. बहिणीचे नाव तेव्हाही कोणी काढले नाही. नवऱ्याला बायकोला देणे सोपे जाते, कारण जमीन घरातच राहते. बहिणीला दिले की ती दुसऱ्या घराच्या उंबऱ्यात जाते, आणि तिथे आपली सगळी उदारता थांबते.

साबिदोने मालिकेसाठी एक युक्ती सांगितली होती. तीन प्रकारची माणसे ठेवावीत. एक चांगल्या बाजूची, एक वाईट बाजूची, आणि तिसरी मधली, जी धडपडत, चुकत, मागे-पुढे होत बदलते. प्रेक्षक त्या तिसऱ्या माणसाबरोबर चालतो. आपल्या मालिकांत पहिले दोन प्रकार भरपूर आहेत. तिसरे माणूस नाही. मला वाटते, ते तिसरे माणूस म्हणजे तो भाऊ आहे. वाईट नाही, लोभी म्हणावा तर तसाही नाही. सोयाबीनला भाव नाही, सोसायटीचे कर्ज थकले आहे, आठातले चार गेले तर पोराचे शिक्षण कसे करावे या काळजीत तो आहे. बहिणीवर त्याचे प्रेम आहे, आणि त्याच प्रेमाच्या बळावर तो तिची सही मागणार आहे. त्या कचेरीच्या बाकावर हा भाऊ आणि ही बहीण अर्धा तास शेजारी बसलेली दाखवा. निबंधकाने तिला विचारले, 'बाई, कागद वाचून पाहिला का?' आणि ती म्हणाली, 'वाचून दाखवा.' तिथे भाग संपवा. दुसऱ्या दिवशी सारा मराठवाडा पडद्यापुढे बसेल की नाही, सांगा!

असे कोणी करील का? वाहिनीवाले म्हणतील, यात खलनायिका कुठे आहे. खरेच नाही. डोळ्यावर पट्टी बांधलेली बाई नाही, अक्षर बदलणारी आनंदीबाई नाही. भावजयीला आणता येईल, आणि दुबळा लेखक तिलाच आणील. पण चांगला लेखक भावजयीलाही तिच्या माहेरच्या कचेरीत उभी करील. कारण तिनेही तिकडे सही केलेली असते, तिच्याही भावाने तिला साडी घेतलेली असते. नणंद आणि भावजय या दोघी एकाच हिशोबाच्या दोन बाजूंना उभ्या आहेत, हे त्या दोघींना ज्या भागात कळेल, तो भाग मला पाहायला आवडेल. त्यानंतर कदाचित मालिका पुढे चालणार नाही.

घड्याळ आठाकडे चालले आहे आणि मागच्या रांगेतली चुळबूळ मला दिसते आहे, तिचे कारणही मी आताच सांगून बसलो आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी अवश्य जावे. बाकीच्यांनी हिशोबाविषयी किंवा कायद्याविषयी प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांकडे द्यावेत. भगिनींच्या चिठ्ठ्या आधी घ्याव्यात अशी माझी त्यांना विनंती आहे.